काउंटीबाहेर ठेवलेलं मूल आणि त्याची सोशल वर्कर : कॅलिफोर्नियाच्या फॉस्टर केअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बे एरियात राहते आणि फॉस्टर केअरमधल्या मुलांसाठी कोर्टाने नेमलेली स्वयंसेवक म्हणून काम करते. मंडळाच्या गणपतीत कुणाला हे कळलं की पंगतीतच प्रश्न सुरू होतात, आणि उरलेले रात्री व्हॉट्सॲपवर येतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागले म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. मुलांच्या केसेस गोपनीय असतात, त्यामुळे इथे कुठल्याही मुलाची गोष्ट सापडणार नाही. नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मंडळींनी ते जसेच्या तसे धरू नयेत. आणि मी वकील नाही.

१. फॉस्टर केअर म्हणजे दत्तकच ना?

नाही. दत्तक कायमचं असतं. फॉस्टर केअर मुळात तात्पुरतं असतं आणि सुरुवातीचा हेतू मूल आईवडिलांकडे परत जावं हाच असतो. घरात मारहाण, आबाळ, व्यसन असं काही कारण घडलं आणि मूल तिथे सुरक्षित नाही असं ठरलं, की काउंटी त्याला बाहेर काढते आणि केस लगेच ज्युव्हेनाइल कोर्टात जाते. आईवडिलांना सुधारण्यासाठी मुदत आणि मदत मिळते. तोवर मूल नातेवाइकांकडे, परक्या कुटुंबाकडे किंवा क्वचित संस्थेत राहतं. या कुटुंबांना २०१७ पासून राज्यभर ‘रिसोर्स फॅमिली’ म्हणतात, पण बोलताना सगळे अजूनही फॉस्टर पेरेंटच म्हणतात.

२. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच का?

नकाशावर हो, कारभारात नाही. बालकल्याणाचे नियम राज्य करतं, पण काम चालवते काउंटी: तिची स्वतःची माणसं (मुलाची केस सांभाळणारी सोशल वर्कर त्यातलीच), स्वतःचं बजेट, स्वतःचं कोर्ट. अशा ५८ काउंटी आहेत. ज्या काउंटीच्या कोर्टात केस आहे ती मुलाची होम काउंटी. मूल कुठेही राहायला गेलं तरी निर्णय तिचा, जबाबदारी तिची आणि सांभाळणाऱ्या कुटुंबाचे दरमहाचे पैसेही तीच देते.

३. मुलाला काउंटीबाहेर ठेवायला बंदी आहे का?

बंदी नाही, पण कायद्याचा कल स्पष्ट आहे. मूल नातेवाइकांकडे जात नसेल तर त्याला आईवडिलांच्याच काउंटीत ठेवावं, कारण भेटीगाठी झाल्या तरच घर पुन्हा जुळतं. तिथे योग्य जागा नसेल तर दुसरीकडे, शक्यतो शेजारच्या काउंटीत. बाहेर ठेवण्याचं कारण केस प्लॅनमध्ये, म्हणजे मुलाच्या केसच्या लेखी योजनेत, नेमक्या शब्दांत लिहावं लागतं. ‘आमच्याकडे सोय नाही’ हे कारण असेल तर कोणती सोय नाही, तेही. हे सगळं वेल्फेअर अँड इन्स्टिट्यूशन्स कोडच्या कलम ३६१.२ मध्ये आहे. तुमच्या ओळखीत अशी केस चालू असेल तर वकिलाला हा परिच्छेद दाखवायला सांगा. प्लॅनमध्ये ‘जागा उपलब्ध नाही’ एवढीच ओळ असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे.

४. मग मुलं बाहेर जातात तरी का?

कधी कारण चांगलं असतं: मावशी फ्रेस्नोला राहते, किंवा तीन भावंडांना एकत्र घेणारं घर दुसऱ्या काउंटीत मिळतं. भावंडांना एकत्र ठेवण्याचा प्रयत्न करणं हेही काउंटीवर बंधनकारकच आहे.

बाकीची कारणं घरांच्या किमतींपाशी येऊन थांबतात. फॉस्टर मुलासाठी एक खोली मोकळी ठेवायची, तीही सॅन फ्रान्सिस्को किंवा सॅन होजेत! ज्यांच्याकडे मन आहे ती कुटुंबं किनाऱ्यापासून आत खोऱ्यात, स्टॉकटन, मोडेस्टो, सॅक्रामेंटोच्या बाजूला सरकली आहेत. दक्षिणेत तेच लॉस एंजेलिसकडून रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनोकडे झालं. मुलं शहरात आणि रिकाम्या खोल्या आत खोऱ्यात, अशी ही वाटणी आहे.

त्यात ज्यांना जास्त उपचारांची गरज आहे अशा मुलांच्या संस्था मोजक्या. २०१५ च्या सुधारणा कायद्याने जुनी ग्रुप होम्स बंद करून अल्प मुदतीच्या उपचारसंस्था आणल्या. हेतू चांगला होता, मुलं संस्थेत नव्हे तर घरात वाढावीत. पण सगळ्या काउंटींत अशा संस्था उभ्या राहिल्या नाहीत. २०२४ मध्ये आणखी एक फटका बसला. कुटुंबं शोधून त्यांना तयार करणाऱ्या खासगी फॉस्टर एजन्सींपैकी बऱ्याच जणींचा विमा उतरवणाऱ्या कंपनीने नूतनीकरण थांबवलं. एजन्सी बंद पडली की तिच्याकडची घरं काउंटीने सांभाळायची, म्हणजे काम पुन्हा त्याच वर्कर्सच्या टेबलावर (प्रश्न ८).

५. आईवडिलांना न विचारता मूल दुसऱ्या काउंटीत नेतात का?

नेहमीच्या परिस्थितीत निदान १४ दिवस आधी कारणांसह लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत हरकत घेता येते. हरकत घेतली तर पाच दिवसांत सुनावणी, आणि तीही मूल हलवण्यापूर्वी. अपवाद एक: आहे त्या जागी मुलाच्या जिवाला किंवा तब्येतीला धोका असेल तर आधी हलवतात.

हरकतीचे सात दिवस फार पटकन जातात. आपली माणसं ‘कोर्टाच्या तारखेला बोलू’ म्हणून गप्प बसतात, आणि तारीख येईपर्यंत मूल नव्या शाळेत रुळलेलं असतं.

६. ‘बाहेर’ म्हणजे किती लांब?

इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. सॅन फ्रान्सिस्को ही जेमतेम ४७ चौरस मैलांची काउंटी. तिथलं मूल रस्ता ओलांडून डेली सिटीत गेलं तरी कागदावर काउंटीबाहेर. उलट लॉस एंजेलिस शहरातलं मूल लँकेस्टरला पाठवलं तर ते सत्तरेक मैल लांब, डोंगरापलीकडे वाळवंटाच्या कडेला, तरीही काउंटीच्या आत. सॅन बर्नार्डिनो काउंटी तर एवढी मोठी की तिच्यात चौदा गोवे मावतील.

म्हणून काउंटीची हद्द कागदपत्रांसाठी महत्त्वाची, मुलासाठी महत्त्वाचे मैल. आईकडे गाडी नसेल तर चाळीस मैलसुद्धा दोन बस आणि एक ट्रेन होतात. बैठकीत ‘मूल काउंटीतच आहे ना’ असं कुणी म्हणालं की मी घर ते घर किती वेळ लागतो ते विचारते.

७. सोशल वर्करने मुलाला किती वेळा भेटायचं? व्हिडिओ कॉल चालतो का?

दर महिन्याला निदान एकदा, समोरासमोर. बहुतेक भेटी मूल राहतं त्याच ठिकाणी व्हायला हव्यात, ऑफिसात किंवा शाळेच्या फाटकाशी नाहीत. २००६ च्या केंद्रीय कायद्यापासून राज्यांना याचा हिशेब द्यावा लागतो आणि २०१५ पासून ९५ टक्के मासिक भेटींचं लक्ष्य आहे. महासाथीत व्हिडिओला तात्पुरती मुभा होती, पण एरवी व्हिडिओ ही भेट धरत नाहीत. आठ वर्षांचं मूल स्क्रीनवर ‘फाइन’ म्हणतं. स्वयंपाकघरात बसलं की दहा मिनिटांनी खरं सांगतं.

अंतर हे भेट न होण्याचं कारण धरलं जात नाही. मूल ५ मैलांवर असो वा ३०० मैलांवर, नियम तोच.

८. एका सोशल वर्करकडे किती मुलं असतात?

काउंटीनुसार, युनिटनुसार आणि कुणी नोकरी सोडली यानुसार आकडा बदलतो. ‘किती असावीत’ हे मात्र कॅलिफोर्नियाने स्वतःच मोजून घेतलं होतं. १९९८ मध्ये सिनेट बिल २०३० खाली अभ्यास मंजूर झाला आणि अहवाल २००० मध्ये आला. वर्करचा वेळ कुठे जातो ते तपासून त्यांनी दोन आकडे काढले: किमान नीट काम व्हायचं तर किती मुलं, आणि उत्तम व्हायचं तर किती.

मूल आईवडिलांकडे परत जावं म्हणून काम करणाऱ्या वर्करसाठी जुना निकष २७ मुलांचा होता. अभ्यासाने सांगितलं, किमान दर्जासाठी साधारण १५ ते १६ आणि उत्तम कामासाठी १२. दीर्घकाळ फॉस्टर केअरमध्ये राहणाऱ्या मुलांचा जुना निकष तर ५४! तिथे किमान दर्जाचा आकडा २४ च्या आत निघाला आणि उत्तम १६. चाइल्ड वेल्फेअर लीग ऑफ अमेरिका ही राष्ट्रीय संस्थाही फॉस्टर केअर वर्करमागे १२ ते १५ मुलं असंच सांगते.

अहवालानंतर थोडेफार जादा पैसे आले. पण हे आकडे पाळलेच पाहिजेत असा कायदा झाला नाही. २०११ मध्ये राज्याने या सेवांचा पैसा आणि जबाबदारी बरीचशी काउंटींकडे सोपवली, त्यानंतर किती वर्कर ठेवायचे हा प्रत्येक काउंटीच्या तिजोरीचा प्रश्न झाला. डिसेंबर २०१३ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या सोशल वर्कर्स संपावर गेल्या तेव्हा मुख्य मागणी पगाराची नव्हती, केसलोड (एका वर्करकडच्या मुलांची संख्या) कमी करा ही होती.

मुलांच्या वकिलांची गत वेगळी नाही. राज्याच्या न्यायिक परिषदेने एका वकिलामागे १८८ मुलांचा निकष मान्य केलेला आहे. माझ्याकडे एका वेळी एकच मूल असतं. म्हणून मला वेळ असतो. यात माझं काही कौतुक नाही.

९. अंतराने कामात खरंच एवढा फरक पडतो? मुलांची संख्या तर तेवढीच राहते.

सॅन होजेच्या वर्करचं एक मूल फ्रेस्नोला आहे असं धरा. साधारण दीडशे मैल, म्हणजे पुणे–कोल्हापूर. सकाळी आठला निघाली तर साडेदहा-अकराला पोचते. मूल शाळेत असतं, म्हणून तीनपर्यंत थांबायचं. तास-दीड तास भेट, फॉस्टर आईशी बोलणं, खोली, औषधं बघणं. परतताना संध्याकाळची गर्दी. रात्री आठला घरी, आणि नोंद कॉम्प्युटरवर चढवायची बाकीच. एक मूल, एक दिवस. तेच मूल सॅन होजेत असतं तर त्या दिवसात तीन-चार मुलं भेटून झाली असती.

पण केसलोडच्या तक्त्यात दोन्ही मुलं ‘एक’च मोजली जातात. तक्ता मैल मोजत नाही. वीस मुलांपैकी सहा लांब असलेली वर्कर आणि वीसही मुलं गावात असलेली वर्कर कागदावर सारख्याच दमलेल्या. माझं स्पष्ट मत आहे की प्रवासाचे तास केसलोडमध्ये धरल्याशिवाय यावरची चर्चा पोकळ आहे. भेटी होतात, आकडा पूर्ण होतो. मात्र थेरपिस्टला फोन, आईच्या भेटीसाठी गाडीची सोय, शाळेच्या बैठकीला हजेरी ही कुठल्याच आकड्यात न बसणारी कामं मागे राहतात.

आणि चक्र असं की दमलेली वर्कर नवं घर शोधायला कमी वेळ देते, मग जे घर आधी हो म्हणेल तिथे मूल जातं. ते बहुधा लांबच असतं.

१०. मूल जिथे राहतं तिथल्याच काउंटीची वर्कर लक्ष का घालत नाही?

घालू शकते, पण दोन काउंटींमध्ये तसा औपचारिक करार हवा. करार नसेल तर देखरेख आणि भेटी होम काउंटीच्याच. तिने भेटींची योजना लिहून ठेवायची असते आणि मूल कुठे आहे ते तिथल्या काउंटीला कळवायचं असतं.

व्यवहारात तिथली काउंटी पटकन तयार होत नाही. तिच्याकडेही माणसं कमी, आणि स्वस्त घरांमुळे दहा काउंटींची मुलं तिच्याच हद्दीत. मात्र मुलावर तिथे अत्याचार होतोय अशी तक्रार आली तर तपासाला स्थानिक काउंटीच जाते. तेव्हा तातडीच्या वेळी होम काउंटीच्या वर्करच्या व्हॉइसमेलवर विसंबू नका.

११. ताई, आमच्याकडच्या मुलाची वर्षात तिसरी वर्कर आली. तक्रार करू का?

वर्करची तक्रार करून उपयोग नाही, ती गेलेलीच असते. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी काउंटीचा २००५ चा अभ्यास सगळे उद्धृत करतात: एकच वर्कर राहिलेल्या मुलांपैकी ७४.५ टक्क्यांना कायमचं घर मिळालं, दोन वर्कर झालेल्यांपैकी १७.५ टक्क्यांना. आकडे भयंकर आहेत, पण जपून वाचा. ज्यांची केस मुळात लांबते त्यांच्या वर्कर जास्त बदलणारच, म्हणून सगळा दोष बदलीचा नाही. तरी मुलाला काय वाटतं ते बघायला अभ्यास लागत नाही.

एक वही ठेवा: डॉक्टरच्या तारखा, औषधांचे डोस, भेटी कधी झाल्या, मागच्या वर्करने काय कबूल केलं होतं. नवी वर्कर आली की पहिल्याच दिवशी त्याची प्रत द्या. महिना कोरडा गेला, कुणीच आलं नाही, तर वर्करच्या सुपरवायझरला ईमेल करा आणि मुलाच्या वकिलाला कळवा. फोन नको, ईमेल. तारखेचा पुरावा राहतो.

१२. काउंटी बदलली की शाळाही बदलते का?

आपोआप नाही. २००४ पासून लागू असलेल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने मुलाला जुन्याच शाळेत राहण्याचा हक्क आहे, आणि २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यानेही तो दिला. शाळा बदलायचीच ठरली तर नव्या शाळेने ताबडतोब प्रवेश द्यायचा. दाखला, लसीकरणाचे कागद, युनिफॉर्म काहीही अडवू शकत नाही. पण सत्तर मैलांवरून रोज जुन्या शाळेत कोण सोडणार? तिथे हक्क कागदावर राहतो.

१३. थेरपी आणि डॉक्टर दुसऱ्या काउंटीत चालतात का?

मेडी-कॅल, म्हणजे राज्याचा सरकारी आरोग्य विमा, राज्यभर चालतो. अडचण मानसिक उपचारांची होती, कारण ते प्रत्येक काउंटी आपापल्या पैशातून देते. मूल हलायचं आणि दोन काउंटी महिनोन्महिने ‘पैसे तुम्ही द्या’ म्हणत बसायच्या. २०१६ च्या असेंब्ली बिल १२९९ ने हे मोडलं: जुलै २०१७ पासून मूल हललं की उपचारांची जबाबदारी राहत्या काउंटीकडे जाते, असं गृहीत धरलं जातं.

सूट मिळते. आधीचा थेरपिस्ट तुटणार असेल, मुक्काम सहा महिन्यांहून कमी असेल किंवा जुना थेरपिस्ट अर्ध्या तासाच्या अंतरावर असेल तर जबाबदारी न हलवण्याची मागणी करता येते. उपचारसंस्थेत ठेवलेल्या मुलांसाठी २०२२ च्या कायद्याने नियम पुन्हा बदलला. त्यांच्या बाबतीत हे आपोआप होतं असं धरून चालू नका.

१४. मग केसच दुसऱ्या काउंटीत का नेत नाहीत?

केसचं स्थलांतर मुलाच्या कायदेशीर निवासावर ठरतं, आणि तो सहसा आईवडिलांचा पत्ता असतो, फॉस्टर घराचा नव्हे. आई स्वतः दुसऱ्या काउंटीत राहायला गेली आणि केस तिकडे नेणं मुलाच्या हिताचं आहे असं कोर्टाला पटलं तर केस हलते. मग तिकडचं कोर्ट नाही म्हणू शकत नाही. त्याबरोबर वर्कर आणि वकीलही सहसा बदलतात. आईने दर सहा महिन्यांनी घर बदललं म्हणून मुलालाही तिच्यामागे हलवत राहायची सक्ती कायद्यात नाही.

१५. आजी-आजोबा पुण्यात आहेत. नातवाला तिकडे पाठवतील का? आणि काका टेक्सासमध्ये असेल तर?

टेक्सासचा रस्ता सोपा आहे, निदान ठरलेला आहे. राज्याराज्यांमध्ये करार आहे, त्यानुसार तिकडची यंत्रणा काकाच्या घराची पाहणी करते आणि मग मंजुरी मिळते.

पुण्याचं अवघड आहे, अशक्य नाही. अमेरिकेबाहेर ठेवायला कोर्टाचा आधी निर्णय लागतो, आणि ते मुलाच्या हिताचं आहे हे मागणी करणाऱ्याने स्पष्ट आणि ठोस पुराव्याने सिद्ध करायचं असतं. नातं, भावंडं, तब्येत, भाषा-संस्कृती आणि मूल १२ वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचं म्हणणं, हे सगळं बघतात. आजी-आजोबांनी पहिल्याच आठवड्यात लेखी कळवावं. मूल काढल्यापासून ३० दिवसांत काउंटीने नातेवाइकांना शोधून कळवायचं असतं, पण भारतातला पत्ता तिला कोण देणार? तुम्हीच द्या. आणि ‘लोकांना कळेल’ म्हणून आईवडील आजीचं नाव लपवतात, ते कृपा करून करू नका.

१६. आम्ही रिसोर्स फॅमिली व्हायचं म्हणतोय. लांबच्या काउंटीचं मूल नको म्हणता येतं का?

येतं. कुठलंही मूल नाकारण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि अर्धवट मनाने हो म्हणण्यापेक्षा नाही बरं. घर भाड्याचं चालतं, एकटी व्यक्ती चालते, आधी किमान १२ तासांचं प्रशिक्षण लागतं. हो म्हणण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: आईच्या भेटी कुठे होणार, तिथवर मुलाला कोण नेणार, आणि गाडीभाडं कोण देणार. होम काउंटी दोन तासांवर असेल तर दर शनिवार हायवेवर जाईल, हे समजून घ्या.

शाकाहारी घर चालतं. पण मुलाला आरतीला उभं राहायची सक्ती करता येत नाही, आणि त्याला चर्चला जायचं असेल तर नेऊन सोडायचं.

१७. फॉस्टर मुलाला दिवाळीत भारतात नेता येईल का?

कोर्टाची परवानगी आणि पासपोर्ट, दोन्ही लागतात. दिवाळीसाठी उन्हाळ्यातच अर्ज करा. तिकीट आधी काढून नंतर परवानगी मागू नका.

१८. आता मुलाला परत होम काउंटीत नेणार म्हणतात. आम्हाला काही बोलता येतं का?

मूल आईवडिलांकडे जात असेल तर तोच मूळ हेतू होता (प्रश्न १). पण नुसतं दुसऱ्या घरात हलवत असतील तर आधी हे घर टिकवण्याचा प्रयत्न करायचा आणि १४ दिवसांची लेखी नोटीस द्यायची. रात्री ९ ते सकाळी ७ या वेळात, सगळ्यांची संमती असल्याखेरीज, मूल हलवता येत नाही. मूल बराच काळ तुमच्याकडे असेल तर तुम्ही कोर्टाकडे डी फॅक्टो पालकाचा (रोजचं पालकपण प्रत्यक्ष निभावणाऱ्याचा) दर्जा मागू शकता. मग सुनावणीत तुमचंही ऐकतात.

१९. महाराष्ट्रातही असंच असतं का?

फारसं नाही. तिथे जिल्ह्याची बालकल्याण समिती निर्णय घेते, आणि मूल दुसऱ्या जिल्ह्यात सापडलं तर त्याला त्याच्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवण्याची तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. बालसंगोपन योजनेत मूल आपल्याच माणसांत राहावं म्हणून कुटुंबाला दरमहा मदत मिळते. दोन्हींची सरळ तुलना करू नये.

२०. मुलगी १८ वर्षांची झाली आणि दुसऱ्या राज्यात कॉलेजला गेली. तिची सोशल वर्कर सुटली का?

नाही. कॅलिफोर्नियात २०१२ पासून ही वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवली, आता वयाच्या २१ पर्यंत फॉस्टर केअरमध्ये राहता येतं. शिक्षण, नोकरी, नोकरीची तयारी अशी एखादी अट पूर्ण करावी लागते किंवा तब्येतीमुळे ते जमत नाही हे दाखवावं लागतं. ती दुसऱ्या काउंटीत किंवा राज्यात राहिली तरी केस होम काउंटीचीच आणि महिन्याची भेटही ठरलेलीच. तिथे स्थानिक वर्करकडून ती करवून घ्यायची किंवा आपण विमानाने जायचं, हे तिच्या वर्करने ठरवायचं. तक्त्यात तीही एकच धरतात.